घर विकायचंय? आधी गळती थांबवा, मग रंगाचा डबा उघडा

सावदा, ता. रावेर (वार्ताहर) : गुढीपाडवा झाला की आखाजीपर्यंत आपल्या भागात घरांच्या आणि प्लॉटांच्या व्यवहाराची बोलणी सुरू होतात. मुलगा पुण्याला किंवा सुरतला स्थिरावला, भावाभावांच्या वाटण्या झाल्या, मुलीचं लग्न निघालं, दवाखान्याचा खर्च आला, सोसायटीचं कर्ज थकलं, अशा कारणांनी घर विकायला निघतं. हौस म्हणून राहतं घर विकणारा माणूस खेड्यात क्वचितच सापडतो. विकणारा बहुतेक वेळा अडलेला असतो, आणि घेणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

म्हणूनच भाव पडतो तो लहान गोष्टींवरून. छताला ओलीचा एक पिवळा डाग दिसला की घेणारा म्हणतो, "भाऊ, स्लॅब गळतोय, लाखभर कमी करा." तो डाग प्रत्यक्षात गच्चीवरच्या तुंबलेल्या पाइपामुळे पडलेला असतो. पाइप साफ करायला अर्धा दिवस लागला असता. पण बैठकीत चार माणसांसमोर ते सिद्ध करता येत नाही आणि विकणारा मान खाली घालतो.

यावर आपल्याकडे दोन टोकाचे विचार ऐकू येतात. एक म्हणतो, "विकायचंच आहे तर कायले खर्च करायचा?" दुसरा उसनवारी करून टाइल्स बसवतो, पीओपी करतो, आणि नंतर लक्षात येतं की घेणाऱ्याने त्याचे पैसे काही दिले नाहीत. या दोघांच्या मधला रस्ता या लेखात सांगितला आहे. थोडक्यात तो असा : आधी पाणी, मग उजेड आणि स्वच्छता, सर्वात शेवटी रंग. आणि कागद मात्र पहिल्या दिवसापासून.

आपल्या केळीचंच उदाहरण घ्या. तोच बाग, तोच घड. पण फण्या टाकीत धुतल्या, चीक काढला, पुसून खोक्यात भरल्या की भाव वेगळा लागतो. फळ बदललेलं नसतं, फक्त ते नीट दिसतं. मात्र खोक्याच्या तळाशी सडकी फणी दडवली तर व्यापारी पुढच्या वेळी आपल्या बांधावर पाय ठेवत नाही. घराचंही तसंच. धुवायचं, पुसायचं, दुरुस्त करायचं, दडवायचं नाही.

पहिला प्रश्न : घेणारा राहणार आहे की पाडणार आहे?

एक रुपयाही खर्च करण्याआधी हे ठरवा. घर मुख्य रस्त्याला, बाजारपेठेत किंवा बसस्टँडजवळ असेल आणि बांधकाम फार जुनं असेल, तर घेणारा बहुधा जागेसाठी घेतोय. तो पाडून नवं बांधणार. तिथे रंगरंगोटीवर पैसे घालू नका. अंगण साफ करा, चारी कोपरे दिसतील असं करा, हद्दीच्या खुणा मोकळ्या करा आणि कागद तयार ठेवा. एवढं पुरे.

घर गल्लीत असेल, बांधकाम धडधाकट असेल आणि घेणारं कुटुंब लगेच राहायला येणार असेल, तर पुढची कामं उपयोगी पडतील.

हिशेबाचा नियम सोपा आहे. प्रत्येक कामाबाबत दोन आकडे कागदावर लिहा. हे काम करायला किती लागतील? आणि हे काम केलं नाही तर घेणारा किती कापेल? समजा नळ बदलायला पाचशे लागतात, पण गळका नळ पाहून घेणारा "सगळं प्लंबिंग खराब आहे" म्हणत दहा हजार कापतो. मग नळ बदला. समजा नव्या टाइल्सना साठ हजार लागतात आणि त्याने भाव वीस हजारच वाढतो. मग टाइल्स राहू द्या. हे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमचे आकडे गावातल्या मिस्त्रीला आणि दुकानदाराला विचारून भरा.

पाणी : छतापासून सुरुवात

घर बघायला आलेला माणूस आधी वर बघतो, मग कोपऱ्यात, मग नाकाने वास घेतो. या तिन्ही ठिकाणी तो पाणीच शोधत असतो. उन्हाळ्यात आला तरी त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पावसाळ्यात गळतं का?"

स्लॅबचं घर असेल तर गच्चीवर जा. पाण्याचा पाइप पालापाचोळ्याने, पतंगाच्या कागदाने, कबुतराच्या घाणीने तुंबलेला असतो. तो मोकळा करा. पाण्याची टाकी ओसंडून वाहते का ते पहा. कित्येक घरांत स्लॅब गळत नसतो, टाकीचा वॉल्व बिघडलेला असतो. मग गच्चीच्या पाइपाचं तोंड चिंधीने बंद करून दोनेक इंच पाणी भरा, २४ तास ठेवा आणि खालून छत पहा. कुठे ओल उतरते ते नेमकं कळेल. तेवढाच भाग खरवडून बुजवता येतो, सगळी गच्ची खोदावी लागत नाही. ही चाचणी फक्त मजबूत स्लॅबवर करायची. धाब्यावर, किंवा सळया उघड्या पडलेल्या जुन्या स्लॅबवर पाणी साठवू नका, त्याला वजन पेलवणार नाही.

पत्र्याचं घर असेल तर गळती बहुधा पत्र्यातून होत नाही, खिळ्यापाशी होते. हूकखालचे रबरी वायसर उन्हाने कडक होऊन फुटतात. ते बदलणं हे सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी काम. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते घासू नका, कापू नका, फोडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. वर चढताना थेट पत्र्यावर पाय न देता फळी टाकून तिच्यावरून चाला.

धाब्याचं घर असेल तर जुनी पद्धतच चांगली. पावसाळ्याआधी गवत मुळासकट काढायचं, उंदरांची बिळं बुजवायची, पांढऱ्या मातीचा थर टाकून चोपायचा आणि पन्हाळ मोकळी करायची. धाब्यावर वरून सिमेंटचा थर दिला तर तो उन्हाने तडकतो, फटीतून पाणी आत जातं आणि लाकूड कुजतं. बाहेरून घर पक्कं दिसतं, आतून खराब होत जातं.

भिंतीची ओल आणि लोणा

भिंत खाली फुगली, पोपडे निघाले, पांढरी भुकटी दिसली की लोणा लागला समजा. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, सोबत क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार उरतात. यावर ऑइल पेंट किंवा सिमेंटचा जाड गिलावा मारणं हा उपाय नव्हे. भिंतीतल्या पाण्याला बाहेर पडायला जागा राहत नाही, ते आणखी वर चढतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत रंग फुग्यासारखा सुटतो.

ओल कुठून येते हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा. दोन दिवसांनी काढा. प्लास्टिकच्या मागे, म्हणजे भिंतीच्या बाजूने पाणी असेल तर ओल भिंतीतून येते. खोलीच्या बाजूने पाणी असेल तर घरात हवा खेळत नाही, खिडकी उघडी ठेवायला हवी.

ओल भिंतीतून येत असेल तर आधी बाहेर जा. भिंतीला लागून माती, विटा, शेणाचा ढीग, पाण्याचं डबकं, मोरीचं फुटकं तोंड असं काही ना काही सापडतंच. ते हटवा. जमिनीचा उतार घरापासून दूर जाईल असा करा. पन्हाळीचं पाणी पायाजवळ पडत असेल तर पाइपाचा एक तुकडा जोडून ते लांब सोडा. मग आतून सुटलेला गिलावा खरवडा, क्षार कोरड्या ब्रशने झाडून काढा (पाण्याने धुऊ नका, क्षार परत आत मुरतात) आणि भिंत निदान काही आठवडे सुकू द्या. जुन्या विटा-मातीच्या भिंतीला चुना चांगला. तो भिंतीला श्वास घेऊ देतो.

भेगा : कोणती साधी, कोणती धोक्याची

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे चांगल्या घरालाही केसाएवढ्या भेगा पडतात. गिलाव्यातली बारीक भेग थोडी रुंद करून, धूळ काढून, पुट्टी किंवा सिमेंटने भरता येते.

पण भेग तिरपी असेल, विटांतून गेली असेल, तिच्यात नाणं सरकत असेल किंवा दार अडकायला लागलं असेल, तर थांबा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. महिनाभरात टोक पुढे सरकलं तर भेग जिवंत आहे. ती पुट्टीने बुजवू नका, इंजिनिअरला किंवा जाणत्या मिस्त्रीला दाखवा. सरकली नसेल तर हीच पेन्सिलीची तारीख घेणाऱ्याला दाखवता येते.

उन्हाचं उत्तर चुन्यात आहे

भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. आखाजीच्या आधी दुपारी बारा वाजता घर दाखवलं आणि आत भट्टी असेल, तर घेणारा पाच मिनिटांत बाहेर पडतो. इथे सर्वात स्वस्त उपाय म्हणजे गच्चीला पांढरा चुना. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो. अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेविरुद्ध कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतल्या छतांना पांढरा चुना लावण्याचा कार्यक्रम घेतला. तेलंगण सरकारने २०२३ साली थंड छतांसाठी स्वतंत्र धोरण आणलं. अशा छताखाली घर दोन ते पाच अंशांनी थंड राहू शकतं असा अनुभव आहे. आपल्या आजोबांनी धाब्यावर पांढरी माती टाकली, तिचा रंगही उन्हाला असाच उपयोगी पडत होता.

कृती अशी. गच्ची झाडून, शेवाळ घासून, धुऊन कोरडी करा. चुनकळी प्लास्टिकच्या नव्हे तर लोखंडी पिंपात पाण्यात टाकून एक दिवस विरू द्या. चुना उकळतो, म्हणून लहान मुलांना आणि गुरांना दूर ठेवा. एक किलो चुन्याला साधारण पाच लिटर पाणी धरा, फडक्यातून गाळा, डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळा म्हणजे चुना हाताला लागत नाही. संध्याकाळी पातळ हात मारा, सुकल्यावर दुसरा, मग तिसरा. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच. चुना डोळ्यात गेला तर लगेच भरपूर साध्या पाण्याने बराच वेळ धुवा आणि दवाखाना गाठा.

संडास, मोरी आणि स्वयंपाकघर

घर बघायला माणूस एकटा येत नाही. बायको, आई, बहीण सोबत असते. बैठकीत पुरुष बोलतात, पण घर पसंत-नापसंत आतल्या बाजूला ठरतं. ताई-माई थेट संडास, न्हाणी आणि ओट्याकडे जातात.

म्हणून संडासाला नवी फरशी नसली तरी चालेल, पण तो लख्ख हवा. आतून कडी लागली पाहिजे, दिवा लागला पाहिजे, नळाला पाणी आलं पाहिजे. फरशांच्या सांध्यात काळं बसलं असेल तर ते खरवडून पांढरं सिमेंट भरा. न्हाणीचं पाणी कोपऱ्यात साचत असेल तर तेवढ्या भागाला जाळीकडे उतार करून घ्या. दहा फुटांना सव्वा-दीड इंच उतार पुरतो. सफाई करताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात माणूस गुदमरतो.

स्वयंपाकघरात धुराने काळी झालेली भिंत आधी सोड्याच्या पाण्याने धुवा. तेलकट भिंतीवर कुठलाच रंग टिकत नाही. गळका नळ, हलणारं कपाटाचं दार, फुटकी जाळी, हे सगळं एका दिवसाचं काम आहे.

उजेड आणि वीज

अंधारं घर लहान वाटतं आणि त्यात काहीतरी लपवलंय असं वाटतं. खिडक्या धुवा, त्यापुढची पोती आणि खोकी हटवा. जुन्या ६० वॉटच्या बल्बइतका उजेड ९ वॉटचा एलईडी देतो. प्रत्येक खोलीत, जिन्यात, संडासात एकेक लावा. सगळीकडे एकाच रंगाचा उजेड ठेवा.

वायरिंगवर पांघरूण घालू नका. लोंबत्या वायरी, जळके बोर्ड, उघडे जोड वायरमनकडून नीट करून घ्या आणि अर्थिंग तपासा. विजेचा धक्का बसू नये म्हणून लावतात तो ब्रेकर, म्हणजे ईएलसीबी, बसवला असेल तर घेणाऱ्याला बटण दाबून दाखवा. महावितरणचं बिल भरून पावती ठेवा.

दारं, सागवान आणि उधई

आपल्या सावदा-फैजपूर भागातल्या जुन्या वाड्यांत आणि माडीच्या घरांत सागवानी दारं, खांब, कड्या आहेत. त्यावर घाईघाईने तपकिरी ऑइल पेंट फासू नका. जाणता घेणारा त्याच लाकडासाठी चार पैसे जास्त देतो. लाकूड ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. एक काळजी घ्या : तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उन्हात सुट्या पसरून वाळवा आणि मग टाका.

उधईच्या मातीच्या नळ्या भिंतीवर दिसल्या तर नुसत्या झाडून टाकू नका, त्या परत येतात. औषध मारून घ्या आणि कधी मारलं त्याची पावती ठेवा. दाराला तेल, बिजागरीला ग्रीस, कडीला नवा स्क्रू. दार न कुरकुरता उघडलं की घर सांभाळलेलं वाटतं.

अडगळ : सगळ्यात जास्त फरक, खर्च शून्य

शेतकऱ्याच्या घरात फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या, मोटारीचं सामान, केळीच्या दोऱ्या हे सगळं ओसरीत असतं. घर विकेपर्यंत ते शेतातल्या खोलीत किंवा नातलगाकडे हलवा. कीटकनाशकांचे डबे तर घरात ठेवूच नयेत. त्यांचा वास बाहेरच्या माणसाला लगेच जाणवतो.

मोकळ्या खोलीत दोन-चार वस्तू राहू द्या. अगदी रिकामी खोली लहान दिसते आणि पलंग कुठे बसेल ते कळत नाही. ओटा झाडून शेणाने सारवा किंवा धुवा, दारापुढे रांगोळी, तुळस हिरवीगार. गल्लीतली नाली आपल्या दारापुरती तरी मोकळी करा. नालीचा वास घरात आला तर आतला सगळा खर्च वाया जातो.

रंग सगळ्यात शेवटी

वरची कामं झाली, भिंती सुकल्या, की मगच रंग. सगळं घर रंगवायची गरज नाही. दर्शनी भिंत, बैठकीची खोली आणि दारं यांवर भागतं. फिका रंग घ्या : पांढरा, फिका पिवळा, मोतिया. गर्द निळा किंवा जांभळा आपल्याला आवडला तरी घेणाऱ्याला तो पुसायचा खर्च दिसतो. नवा गिलावा केला असेल तर सात दिवस पाणी मारा आणि पूर्ण सुकल्याशिवाय रंग देऊ नका. जुना चुना हाताला लागत असेल तर तो खरवडल्याशिवाय डिस्टेंपर धरत नाही.

या गोष्टींवर विकण्यासाठी खर्च करू नका : पीओपीचं छत, मॉड्युलर किचन, महागड्या टाइल्स, वरचा अर्धवट मजला, कंपाउंडला नक्षीदार गेट. घेणाऱ्याची आवड वेगळी असते आणि हा पैसा परत येईल याचा भरवसा नाही.

दडवलं तर कायद्यात अडकाल

काही जण गळका कोपरा कपाटामागे दडवतात, भेगेवर वॉलपेपर लावतात, उधईवर रंग मारतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो सांगणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. हे घराच्या दोषाबद्दल आहे तसंच मालकीतल्या दोषाबद्दलही आहे. लपवलं तर घेणारा कोर्टात जाऊ शकतो.

आणि गावात कोर्टाआधी गावाची बैठक असते. शेजारी घेणाऱ्याला सगळं सांगतातच. तुम्ही आधी सांगितलंत, "मागच्या कोपऱ्यात गळत होतं, हा पाइप बदलला, ही मिस्त्रीची पावती," तर तोच दोष भाव पाडायच्या कामी येत नाही. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा फोटो मोबाइलमध्ये तारखेसह ठेवा.

कागद : सर्वात स्वस्त दुरुस्ती

चांगल्या घराचा भाव सगळ्यात जास्त कशाने तुटत असेल तर अपुऱ्या कागदाने. खरेदीदार बँकेचं कर्ज घेणार असेल तर कागदाशिवाय व्यवहार होतच नाही. रंगाचा ब्रश हातात घेण्याआधी ही फाइल लावा.

ग्रामपंचायत हद्दीत असाल तर नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याची पावती. सावद्यासारख्या नगरपालिका हद्दीत असाल तर मालमत्ता कराचा उतारा आणि पावती. सिटी सर्व्हे झालेला असेल तर मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. नमुना ८ हा कराची नोंद असतो. नुसत्या त्यावर मालकी सिद्ध होतेच असं नाही. म्हणून जुनं खरेदीखत, वाटणीपत्र किंवा वारस नोंदही सोबत हवी.

गावठाणातल्या घरांना प्रॉपर्टी कार्ड मिळावं म्हणून केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. त्याआधी पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला होता. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर सनद घेऊन ठेवा आणि क्षेत्रफळ, हद्द, नाव बरोबर आहे का ते वाचा. १८५२ साली इंग्रजांच्या जमीन मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, यावल भागातले शेतकरी हजारोंनी जमले होते, कारण मोजणी म्हणजे वाढीव सारा अशी भीती होती. आज उलटं आहे. मोजणीचा कागद नसेल तर घेणारा मागे फिरतो.

घर वडिलोपार्जित असेल तर बहिणींची संमती विसरू नका. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिला हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. तिचा वाटा द्यायचा असेल तर आधीच बोला. व्यवहाराच्या दिवशी बहिणीला सही मागणं नातं तोडतं आणि व्यवहारही.

घरकुल योजनेतून बांधलेलं घर असेल तर विक्रीवर अटी असू शकतात, ग्रामपंचायतीत आणि पंचायत समितीत आधी विचारा.

शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केली म्हणजे घर नावावर होत नाही. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार रुपये आहे. मुद्रांक शुल्क व्यवहाराची किंमत आणि सरकारी रेडी रेकनर यातल्या जास्त रकमेवर लागतं. राहतं घर एकट्या महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. घेणाऱ्याला ही गोष्ट तुम्हीच सांगा; त्याचे पैसे वाचले तर तुमच्या भावात घासाघीस कमी होते. आणि विसार रोखीत घेऊ नका. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, त्यावर तेवढाच दंड होऊ शकतो. चेक किंवा बँकेतून घ्या.

कामाचा क्रम असा ठेवा

पहिला आठवडा : कागदांची फाइल, घरातल्या सगळ्यांची संमती, अडगळ बाहेर.
दुसरा आठवडा : छत, पन्हाळ, नळ, नाली. गच्चीची पाण्याची चाचणी.
तिसरा आठवडा : वीज, दारं, न्हाणी, ओटा. भिंती सुकायला सोडा.
चौथ्या आठवड्यापासून : गच्चीला चुना आणि भिंती कोरड्या झाल्या असतील तरच रंग. ओल जास्त असेल तर रंगाला आणखी थांबा, बाकी घर दाखवायला हरकत नाही.

घर दाखवायची वेळ सकाळी आठ ते दहा किंवा संध्याकाळी पाचनंतरची ठेवा. खिडक्या आधीच उघडा. नळाला पाणी असेल तो वार निवडा. घरातल्या एकाच माणसाने बोलावं, आणि भाव सर्वांनी आधी ठरवून ठेवावा. शेजारी भाऊबंदांना विक्री माहीत असू द्या, म्हणजे हद्दीचा वाद व्यवहाराच्या दिवशी उभा राहत नाही.

ही बहुतेक कामं घरचीच माणसं, एक गवंडी आणि एक वायरमन मिळून करू शकतात. त्यासाठी कर्ज काढावं लागत नाही. आणि समजा शेवटी घर विकायचं नाही असं ठरलं, तरी गळती थांबलेलं, उन्हात थंड राहणारं आणि कागद पूर्ण असलेलं घर तुमच्याकडेच राहतं.